अ देशातली आजी

११ नोव्हेंबर, सोमवार

तिसरा आठवडा. चार देश, एकशे दहा तास! म्हाताऱ्या माणसांचं कोण बघतं, एवढा एकच प्रश्न घेऊन आमच्या दिग्दर्शक बाई जग फिरून आल्या आणि सगळं चित्रण माझ्या एडिटिंगच्या टेबलावर ओतलं. आता मी कापत बसलेय. देशांना आम्ही अ, ब, क, ड म्हणतो. अ मध्ये सरकारी वृद्धनिवास. ब मध्ये आईवडिलांना घरी सांभाळणाऱ्याला सरकारच पगार देतं. क मध्ये मुलांनी सांभाळलंच पाहिजे असा कायदा. ड मध्ये काहीच नाही — ज्याचं त्यानं बघायचं.

आमचं घर म्हणजे ड. मागच्या आठवड्यात बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. दादाने इथल्या वृद्धनिवासाचा फॉर्म आणून ठेवला आणि परत आपल्या गावी गेला. शनिवारपर्यंत द्यायचाय. तू काय ते ठरव, म्हणे. वा!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ब कापला. मुलगी वडिलांचे केस विंचरते, मग त्याच कंगव्याने स्वतःचे. टेबलावरच रडू आलं. ठरलं. बाबा कुठेही जाणार नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

त्याच मुलीची अख्खी मुलाखत ऐकली. सहा वर्षांत एकदाही मैत्रिणीकडे गेलेली नाही. बाईंना विचारलं, यातला बरा देश कुठला हो? त्या म्हणाल्या, ते तू जुळवलंस की कळेल. म्हणजे मीच! डोक्याचा पार भुगा झालाय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अ चा आतापर्यंत जुळवलेला कट लॅपटॉपवर घरी आणला. बाबांना सहज दाखवला. सहज कसलं — स्वतःशी तरी खरं बोलावं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

अ देशातली आजी जेवते, आपल्या खोलीत येते, खिडकीशी बसते आणि खळखळून हसते. बाबांनी तेवढं तीनदा लावायला सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "बरं आहे की. जाईन मी."

बस्स! मी आठवडाभर शब्द जुळवतेय आणि हे एका वाक्यात मोकळे. मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. दादा फोनवर म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? मला त्याचा राग आला. का, ते कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला.

माहिती तपासणारा आमचा चष्मिश आज कट बघता बघता थांबला. म्हणाला, ही हसणारी आजी अ ची नाही. मी वाद घातला! मग मूळ चित्रण काढलं. अ ची आजी चार तासांत एकदाही हसलेली नाही. शेवट रिकामा वाटत होता म्हणून मीच पहिल्या आठवड्यात ड मधल्या एका आजीचा शॉट तात्पुरता लावला होता. तसेच पांढरे केस, तसाच निळा स्वेटर, चेहरा बाजूने घेतलेला. खरा मिळाला की बदलू म्हणून. रोज बघून बघून तोच खरा वाटायला लागला. आमच्या धंद्यात हे होतं. पण बाबांच्या बाबतीत व्हावं?

आणि ड ची आजी का हसते? नात तिच्या चालण्याची नक्कल करते म्हणून. स्वतःच्या घरात.

सांगितलं तर बाबा राहतील आणि पुन्हा गॅस. मी दिवसभर इथे. नाही सांगितलं तर जातील — माझ्या ठिगळावर विसंबून. काय करू? खरंच काय करू?

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सांगून टाकलं. बाबा शर्टाला बटण लावत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, गॅस विसरतो पण हात विसरत नाहीत.

"माहीत आहे," म्हणाले. "जेवताना तिच्या स्वेटरच्या कोपरावर रफू होता. हसताना नव्हता."

मग हो का म्हणालात, विचारलं. दोरा दाताने तोडला त्यांनी.

"मला वाटलं, मी जावं म्हणून तू मुद्दाम जोडलंस."