लाल भाजीच्या वाफ्यातलं शेवाळ

गुरुवार, संध्याकाळ. वैशाली नगर

लाल भाजीचा अख्खा वाफा आज मी उपटून टाकला. हाताला अजून मातीचा वास आहे.

तीन आठवडे गच्चीवरच्या टबात नाल्याचं पाणी भरून मी शेवाळ वाढवते आहे. पाण्यातलं शिसं ते स्वतःत ओढून घेतं. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी हा नाद सुटत नाही. आज दुपारी बघते तर टब रिकामा, आणि शेवाळ लाल भाजीच्या मुळाशी. जाऊबाईंनी घातलेलं.

"अवं, खतच तर हाये. गावी तलावाचा गाळ आपण वावरात टाकतच होतो ना," त्या म्हणाल्या.

खरंच टाकत होतो. मी नवी नवरी होते तेव्हा त्या काळ्या गाळात पाय रुतले की किती हसायचो आम्ही दोघी. त्यांच्यावर कशी रागावणार? पण त्याच वाफ्यातली भाजी रात्री नातीच्या ताटात जाणार होती. चूक माझीच. मी त्यांना सांगितलं कुठे होतं?

सगळं समजावल्यावर त्यांनी उपटलेली भाजी एका जागी गोळा केली. मग म्हणाल्या, "मंग हे टाकाचं कुठं, बाई? जिथं टाकशीन तिथं शिसं जाईनच ना."

इतक्या दिवसांत हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. सध्या भाजी, माती, शेवाळ, सगळं झाकणाच्या ड्रममध्ये बंद केलं आहे. त्याचं पुढे काय करायचं ते आधी शोधेन, लागतील तितके दिवस लागोत. तोवर नवा टब भरायचा नाही. भरेन तेव्हा जाऊबाईंना शेजारी बसवूनच.