बाबांचे शेअर आणि तुमची डिकी

तीर्थस्वरूप काकांना पुतणीचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? काकूंचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (बाबा ठीक नाहीत, पण पत्र त्यांच्याबद्दलच आहे, म्हणून ते इथेच सांगून टाकत नाही.) तुम्ही आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. आई आणि काकू फोनवर ज्या चौकश्या करतात, त्या मागे उभं राहून कोण सुचवत असतं, हेही माहीत आहे. पण मी घरातली पहिली पदवीधर. पदवीधर माणसाने घरच्या भांडणाकडे तटस्थपणे पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लिहायला बसले.

कुलपांच्या कारखान्यात तुम्ही दोघं शेजारशेजारी बसून कानस चालवायचात. त्या वाईट वर्षी कंपनीकडे बोनसला पैसे नव्हते, तेव्हा सगळ्या कामगारांना शेअर दिले. तुम्ही ते लगेच विकून स्कूटर घेतलीत आणि बाबांनी एकही विकला नाही. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे भांडणाची साक्षीदार म्हणून माझा उपयोग नाही. पण त्यानंतरचे बाबा मी रोज पाहिले आहेत. ते स्वतःला त्या कंपनीचे मालक समजतात. कोणाकडे गेलो की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते दाराचं कुलूप बघतात. ‘आपलं’ असेल तर पाठ टेकून बसतात, दुसऱ्याचं असेल तर खुर्चीच्या कडेवर. दरवर्षी जो काही लाभांश येतो, त्यातून ते त्याच कंपनीचं एक कुलूप विकत आणतात. (दारं केव्हाच संपली. सध्या साखरेच्या डब्याला कुलूप आहे आणि त्याची चावी कुठे आहे, यावर आमच्याकडे सकाळचा चहा अवलंबून असतो.)

कॉलेजात शिकवलं, की सगळी बचत एकाच कंपनीत ठेवू नये, दहा ठिकाणी विभागावी. मी घरी येऊन ते तळमळीने सांगितलं. बाबा म्हणाले, “तुझी आईही एकच आहे. तिला विभागू का?” आई आतून म्हणाली, “करून बघा. एक वाटा तरी सुखात राहील.” विषय संपला.

तरीही मी हिशेब केला, आणि काका, तो तुमच्यापासून लपवणं मला प्रामाणिक वाटत नाही. मधल्या काळात कंपनीने बोनस शेअर दिले, भाव वाढला, पुन्हा वाढला. तुम्हाला समजायला सोपं जावं म्हणून स्कूटरमध्ये सांगते. तुम्ही एका स्कूटरला विकलेले शेअर आज नऊ स्कूटरचे झाले असते. बाबांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी जेवताना दोनदा भात घेतला.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण भागधारक म्हणजे मालक, आणि मालकाने वार्षिक सभेला जाऊन बोललं पाहिजे, अशी माझी श्रद्धा. (श्रद्धा होती.) मीच त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि घेऊन गेले. सभा एका मोठ्या हॉटेलात होती. गार हवा, खुर्च्यांना पांढरे झगे, टेबलावर चाखायलाही संकोच वाटावा असे बिस्किटांचे मनोरे. बाबांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर होता. तो मी काढायला लावला नाही, कारण तो त्यांना पेनापेक्षा शोभतो.

सभा सुरू व्हायच्या आधी ते स्वच्छतागृहात गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत एका दारामागे कंपनीचे एक संचालक अडकले होते. कुलूप फिरेना. त्यावर आपल्याच कंपनीचं नाव होतं, त्यामुळे बाबांचा चेहरा घरची अब्रू गेल्यासारखा झाला होता. “साहेब, धक्के मारू नका, त्याला त्रास होतो,” असं ते आतल्या माणसाला सांगत होते. (‘त्याला’ म्हणजे कुलपाला.) दोन स्क्रू काढले, पट्टी सरकवली, दार उघडलं. संचालक घामाघूम होऊन बाहेर आले आणि हात पुढे केला. बाबांनी हातात हात न देता उघडलेलं कुलूप दिलं.

“हे आपलं नाही. आत पितळ नाही, प्लास्टिक आहे.”

“आपलंच आहे हो. बाहेरून तयार घेतो, नाव आपलं टाकतो.”

“मग आपला कारखाना?”

आम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं, की कारखाना गावाबाहेर हलवला. बाबांची नजर अधू झाल्यावर त्यांनी काम सोडलं, त्यानंतरची ही गोष्ट. संचालक हसून म्हणाले, की हलवला कुठे, बंदच केला. त्या जागेवर दुकानं बांधली, भाडं येतं, म्हणून तर भाव इतका वर चढला. “तुम्ही जुने भागधारक ना? मग तुमचं भलंच झालं की,” असं म्हणून ते रुमालाने मान पुसत मंचाकडे गेले. हे सगळं कंपनीच्या अहवालात छापलेलं होतं, काका. मी त्यातले आकडे तेवढे वाचले होते.

बाबांनी सभेत काही विचारलं नाही. घरी येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं सांभाळलं ते काय?” मला परतावा हा शब्द येतो, मूल्यवृद्धी हा शब्द येतो. त्यातला एकही तिथे लागू पडत नव्हता. ते आता पाहुण्यांकडे कुलपं बघत नाहीत. साखरेच्या डब्याला कुलूप लावत नाहीत. (चहा वेळेवर होतो आणि कोणालाच गोड लागत नाही.) मी त्यांना तिथे नेलं नसतं, तर त्यांच्यापुरता तो कारखाना गावाबाहेर अजून चालू राहिला असता.

तेव्हा ‘कागदाने कारखाना आपला होणार नाही’ हे भांडणातलं तुमचं भाकीत खरं ठरलं, असं समजा आणि मोठ्या मनाने भांडण मिटवा, एवढंच कळवायचं होतं.

तुमची,
पुतणी

ता. क. बाबांनी शेअर विकायचं ठरवलं आहे. एक ठेवणार आहेत. पुढच्या सभेला आत शिरायला एक पुरतो, असं मीच त्यांना सांगून बसले.

ता. क. २. ते पैसे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, “त्याची स्कूटर आहे का अजून?” मी आईला विचारलं, आईने काकूंना. काकूंनी सगळं सांगितलं. स्कूटर घेतलीत त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं कुलूप तिच्या डिकीला बसवलं, लावून पाहिलं, चावी खिशात टाकली आणि मग विचारलं, पैसे कुठून आणलेस. तुम्ही सांगितलंत, भांडण झालं, तुम्ही निघालात आणि चावी इकडेच राहिली. तेव्हापासून डिकी बंद आहे. तीन चावीवाल्यांनी हात टेकले. हातोडा मात्र तुम्ही कोणाला लावू दिला नाहीत, “दादाचं कुलूप आहे,” म्हणालात. हे बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “तीनच?”

ता. क. ३. चावी सापडली आहे, म्हणजे हरवलीच नव्हती. बाबांनी तिला तेल लावून ठेवलंय. टपालाने पाठवणार नाहीत, मागूही नका. स्कूटर घेऊनच यायचं आहे. काकू म्हणतात, डिकीत तुम्ही दादासाठी आणलेला मिठाईचा पुडा आहे आणि त्या वर्षी महिनाभर मुंग्या यायच्या. आईचा निरोप आहे, की डिकी अंगणातच उघडायची.