रिपीट म्हणायचं नाही

बाबा, तुम्ही गेलात त्या दुपारचं तुमचं एक वाक्य अर्धंच राहिलं आहे. आईला वाटतं, ते पूर्ण माझ्याकडे आहे. इतकी वर्षं झाली, तिला अजून तसंच वाटतं. म्हणून लिहिते आहे.

शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला रिपोर्ट द्यायला शिकवलंत. तुम्ही सैन्यात वायरलेस ऑपरेटर. चौकीवर दिवसभरात काय घडलं ते मागे मुख्यालयाला कळवायचं आणि तिकडून आलेला शब्द न शब्द उतरवून घ्यायचा, हे तुमचं काम. रजेवर मुलुंडला आलात की आपलं स्वयंपाकघर तुमचं मुख्यालय व्हायचं. तुम्ही ओट्याला टेकून उभे, मी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे, हातात तुम्ही कॅन्टीनमधून आणलेला खेळण्यातला वॉकीटॉकी. ‘कुठे आहेस, काय घडलं, तू काय केलंस, काय हवंय. बोल.’ मी म्हणायचे, ‘गॅलरीत आहे. खाली जरा गर्दी आहे.’ ‘जरा म्हणजे किती? जरा हा शब्द रिपोर्टात चालत नाही.’ मग मी माणसं मोजायचे. तुम्ही माझं वाक्य जसंच्या तसं मला परत म्हणून दाखवायचात आणि मी ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे जायचात. माझं इतकं नीट ऐकून घेणारं जगात दुसरं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

नंतर वाटेनासं झालं. मी जिन्यात पडते, हनुवटी फुटते, रक्त फ्रॉकवर येतं. मी दारात उभी राहून रडतेय आणि तुम्ही म्हणता, ‘रडणं नंतर. आधी रिपोर्ट.’ आई पिठाच्या हातांनी धावत येते. ‘पोर रडता हा आणि तुमका रिपोर्ट होयो? माणूस आसात काय मशीन?’ तुम्ही हसता. मी हुंदके गिळत सांगते, जिना, हनुवटी, कापूस हवाय. तुम्ही कापूस आणून देता. दुखतंय का, हे तुमच्या प्रश्नांत नव्हतंच.

एक शब्द मात्र घरात बंदच होता. ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं, ‘रिपीट’ म्हणायचं नाही. तोफखान्याच्या वायरलेसवर रिपीट म्हणजे त्याच जागी पुन्हा तेवढाच मारा करा. चुकून बोललेला तो एक शब्द कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणायचात. आणि ज्याला ‘पुन्हा सांगा’ म्हटलं, त्याने तेच पुन्हा सांगायचं. सौम्य करून नाही, कमी करून नाही. निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना तुम्ही सांगितलंत की तुमच्या चौकीवरचा तुमचा दोस्त गेला तेव्हा रिपोर्ट तुम्हालाच पाठवावा लागला. नाव नाही, नुसता नंबर. पलीकडून खरखर, पुन्हा सांगा. तुम्ही सांगितलंत. पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलंत. आवाज हलू दिला नाही, हे सांगताना तुम्हाला अभिमान होता. मी ताटातला भात चिवडत होते आणि मलाही अभिमान वाटला होता.

मग ती दुपार. तुम्ही मालाडच्या गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर, मी घरी परीक्षेचा अभ्यास करत बसलेली. डबा खाऊन झाला की तुमचा फोन यायचा, तसा आला. ‘आज जरा...’ एवढं ऐकू आलं आणि पुढे सगळी खरखर.

‘काय? रिपीट करा ना, बाबा.’

नेमका तेव्हा आवाज स्वच्छ झाला. ‘रिपीट? कितीदा सांगितलंय तुला? काय म्हणायचं?’

‘पुन्हा सांगा.’

‘हां. असं.’

‘मग सांगा ना पुन्हा.’

तुम्ही म्हणालात, ‘काही नाही. निल रिपोर्ट. अभ्यास कर.’ आणि फोन ठेवलात.

आतून आईने विचारलं, ‘काय म्हणत होते गो? डबो खाल्ल्यानी काय?’ मी म्हटलं, ‘निल.’

संध्याकाळी तुमच्याबरोबर काम करणारे वाकोल्याचे काका तुमची बॅग घेऊन दारात आले. ‘साहेब सकाळपासून छाती चोळत होते. मी बोललो, घरी फोन लावा, डॉक्टरकडे जाऊ. तर बोलले, लावला, सांगितलंय घरी.’

सांगितलंय. आईने माझ्याकडे पाहिलं. तुमचा शब्द आयुष्यात कधी चुकलेला नव्हता, मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? दोस्ताचा मृत्यू तुम्ही पुन्हा पुन्हा सांगू शकलात आणि स्वतःची छाती दुसऱ्यांदा सांगता आली नाही. मी तर तुमच्याच शब्दांत विचारलं होतं. मला दुरुस्त करायला तुमच्याकडे वेळ होता. आणि ज्या माणसाने मला ‘जरा’ म्हणू दिलं नाही, त्याने शेवटी मला दिलं काय, तर ‘आज जरा’.

आता मी अंधेरीला अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसते. प्रत्येक निरोप परत म्हणवून घेते. ड्रायव्हर वैतागतात. ‘निघालो बोललो ना मॅडम, आता काय उखाण्यात सांगू?’ सगळे हसतात. मीही हसते आणि विचारते, कुठून निघालात? कुणी ‘काही नाही’ म्हणालं की मी पुन्हा विचारते, मग पुन्हा, समोरचा चिडेपर्यंत.

आई अजूनही मधेच भाजी निवडता निवडता म्हणते, ‘खरा सांग गो. काय सांगल्यानी तुका?’ मी तिला शब्द न शब्द सांगते. एक शब्द जास्त नाही, कमी नाही. ती मान हलवते. ‘बरोबर’ कधीच म्हणत नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच. पाठवता आलं असतं तरी तुम्ही माझ्या लिहिण्यातल्या चुकाच काढल्या असत्यात. पण एक सांगते. आई भजनाला गेली आणि घरात कुणी नसलं की मी कधीकधी ओट्याजवळ, तुमच्या जागी उभी राहते आणि मोठ्याने ‘रिपीट’ म्हणते. मग थांबते. कुणी रागावत नाही.