गोळा करणारीचं नाव

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि फोटो परवा मिळाले. इकडे सगळं ठीक म्हणायचं. माझा गुडघा कुरकुरतो, आईनं चष्मा तिसऱ्यांदा फोडला. ती तुझी आठवण काढते, म्हणजे तू लहानपणी काय काय सांडलंस त्याची उजळणी करते. संग्रहालयात मी आणि माझे आठ हजार शिंपले. कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे भांडण नाही.

आता तुझ्या शिंपल्यांचं. पाण्याचे नमुने घ्यायला ठेवलेल्या बाईनं नदीत उतरून शिंपले चाचपायचे, ही तूच. तुझे इंजिनिअर साहेब हसले यात मला नवल वाटलं नाही. पण विषय गंभीर आहे हे समजलं. जलशुद्धीकरण केंद्राच्या वरच्या अंगाला गाळ उपसायचं यंत्र लागणार. तिथे करवती, ही नामशेष समजलेली शिंपल्याची जात, जिवंत आहे असं सिद्ध झालं तर यंत्र थांबेल. सुनावणी अठ्ठावीसला. आणि ओळखीचा दाखला माझ्याच सहीचा चालतो. बरोबर?

फोटो पाहिले. धुरकट आहेत. बादलीतला बंद शिंपला म्हणजे चिखलाचा गोळा, करवती काय आणि साधी काय. तुला काठावर एक रिकामी, अर्धी शिंप मिळाली आणि तिचे दात करवतीसारखे होते, एवढ्यावरून पाण्यातले जिवंतही तेच, हे ठरवायची घाई तुझी. अगं, रिकामा शिंपला गाळात पन्नास वर्षं पडून राहतो. शिंपला ओळखायचा तो आतून. बिजागरीपाशी दात असतात. साधीचे बोथट, करवतीचे खोल आणि खाचांचे. शिवाय स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथे वण राहतात, त्यांचा आकार. हे सगळं मांस काढल्याशिवाय दिसत नाही.

तेव्हा असं कर. जिवंत जेवढे सापडतील तेवढे आण. एक मागे ठेवते म्हणालीस, ते लाड नकोत. मोजणी अर्धवट म्हणून पहिला आक्षेप त्यावरच येईल. काठावरचे रिकामेही वेच, तुलनेला लागतील. सगळे एका पातेल्यात घाल, उकळी आली की दहा मिनिटं ठेव, आपोआप उघडतात. मांस काढून टाक, ब्रशनं घास, कडक उन्हात चार दिवस वाळव आणि मगच पाठव. शिंपल्यांवर आकडे-बिकडे टाकत बसू नकोस, ते काम माझं.

तू लिहिलंयस की तुझं नाव काचेच्या कपाटातल्या लेबलावर येईल का. येईल की. ‘गोळा करणारी’ या शब्दापुढे. मलाही पहिलं लेबल मिळालं तेव्हा मी ते आठ दिवस पाकिटात घेऊन फिरत होते.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीला सवडीनं उत्तर देईन.

धांदरटपणा न करता काम कर.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

बारके,

पार्सल पोचलं. वाळवून पाठव म्हटलं होतं ना मी? ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेस! म्हणे आभाळ होतं, सुनावणी जवळ आली, म्हणून घाई केली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “ती जन्माला आली तेव्हाही आठवडा आधीच आली होती.” हसलो आम्ही दोघी.

असो. मी वाळवून घेईन. तुझी ती सुटी अर्धी शिंप सोडून एकूण एकोणीस जोड निघाले. सहा करवती, तेरा साध्या. म्हणजे करवती आहेत, हे खरं. जिवंत कुठल्या आणि काठावरच्या कुठल्या, हे मात्र तुलाच आठवायला हवं. जिवंत सात होते म्हणतेस. तेरा साध्यांपैकी सात, की सहाही करवती आणि एक साधी?

मांस काढताना एकीच्या कल्ल्यांत बारीक मिठासारखं काहीतरी ठासून भरलेलं होतं, ते काय, असं विचारलंस. गाळ. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, गाळून बाहेर टाकतो. तुमच्या केंद्रात वाळूचे थर करतात तेच काम. तुमच्या गाळण्या तुंबतात, तशा याच्याही.

सुनावणीला नीट कपडे घालून ये.

ताई


९ नोव्हेंबर

बारके,

तुझं माफीचं पत्र आलं. चार पानं. वाचून मला राग आला. इतका, की आईनं विचारलं, “कुणाचं बिल आलं?”

लिहितेस, ‘ताई, माझ्यामुळे तुला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं. तू तरी काय करणार, जे समोर होतं तेच सांगितलंस. मीच एका पातेल्यात उकळलं. मी धांदरट ती धांदरटच.’ लिहितेस की नमुन्यांचं काम काढून घेऊन तुला तक्रारींच्या खिडकीवर बसवलंय, दिवसभर लोक येऊन नळाच्या पाण्यावरून तुझ्यावर ओरडतात, आणि तुला ते बरंच वाटतं, कारण निदान तिथे चुकायला काही नाही. वह्या रद्दीत घातल्यास. आठ वर्षांच्या वह्या!

त्या दिवशी तू निळी साडी नेसून आली होतीस. आईची. पहिल्या बाकावर बसलीस आणि माझ्याकडे बघून हात हलवलास, भर सुनावणीत, शाळेच्या गॅदरिंगला आल्यासारखा. मग मी उभी राहिले. म्हणाले, सहा करवती आहेत, पण त्यांच्या बिजागऱ्या कोरड्या, ठिसूळ आहेत. जुने रिकामे शिंपले. जिवंत होत्या त्या साध्या. तुझे इंजिनिअर साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “अहो बाई, एका पातेल्यात उकळायचं आणि मग वेगळं मागायचं?” सगळे हसले. तूही हसलीस. माझी लाज राखायला हसलीस, तेव्हाही मला राग आला.

बाहेर आल्यावर तू मला चहा पाजलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार, असं म्हणालीस. मी चहा प्यायले. साखर कमी आहे म्हणाले.

आता नीट वाच. मधेच उठून गॅस बंद करायला जाऊ नकोस.

फेब्रुवारीतल्या तुझ्या पत्राची शेवटची ओळ होती, ‘आठवतं का ताई, तेव्हा आपण नदीच्या मधे गेलोच नव्हतो!’ पुढे हसरा चेहरा काढला होतास.

आठवतं. बावीस वर्षं झाली. तू अकरा वर्षांची, माझ्या चपला आणि डबा धरून काठावर. मला त्या नदीची पाहणी करायला पाठवलं होतं. चार दिवस मी काठाकाठानं चाळण मारली. मधे पाणी छातीपर्यंत होतं आणि मला पोहता येत नाही, हे घरात तुला एकटीला माहीत होतं. तू विचारलंस, “मधे नाही बघायचं?” मी म्हणाले, “गप्प बस.” परत येऊन लिहिलं की करवती या नदीतून नामशेष. तो माझा एकमेव लेख. त्यावर नोकरी कायम झाली, दालन मिळालं, आणि काचेच्या कपाटात मधोमध माझ्या अक्षरातलं लेबल लागलं. शाळेच्या सहली येतात, मास्तर मुलांना ते मोठ्यानं वाचायला लावतात.

आणि तू एका रविवारी साडी खोचून मधे चालत गेलीस आणि पायाच्या बोटांनी करवती शोधून काढल्यास. कानामागून आलीस आणि तिखट झालीस.

तुझे फोटो धुरकट नव्हते. चौथ्या फोटोत शिंपला बोटभर उघडा आहे, पाणी आत घेतोय. पाणी आत घ्यायच्या त्या भोकाच्या कडेला केस असतात. साधीचे सरळ, करवतीचे फांद्या फुटलेले. तुझ्या फोटोत फांद्या मोजता येतात. मी मोजल्या. ओळखायला उकळायची गरज नव्हती, उघडायचीही नव्हती. दाखला मी त्याच दुपारी लिहू शकले असते आणि तुझे सातही शिंपले संध्याकाळी नदीत परत गेले असते.

‘सगळे एका पातेल्यात घाल’ हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. पाणी प्यायले, मग लिहिलं. ‘आकडे टाकू नकोस’ हे मात्र न थांबता लिहिलं.

बिजागरीवर बाहेरच्या बाजूनं एक तपकिरी पट्टी असते, रबरासारखी. जिवंत शिंपल्याची असली की दोन्ही झाकणं दाबून सोडली तर टपकन उघडतात. जुन्या शिंपल्याची पट्टी वाळून तडकलेली असते, हात लावला की भुगा. तू चार दिवस वाळवून पाठवलं असतंस तर सगळ्याच पट्ट्या तडकल्या असत्या, माझंही काम राहिलं नसतं, मी स्वतःशीसुद्धा खोटं बोलू शकले असते. पण तू घाई केलीस. फडकं सोडलं, तर सहाच्या सहा करवती माझ्या तळहातावर टपकन उघडल्या. एकेक दाबून पाहिली. दोनदा. काठावरच्या बाराही पाहिल्या, त्या मोडल्या. तेरावी साधी टपकन उघडली, ती तुझी सातवी. तू एकही चूक केली नव्हतीस. तुझ्या घाईनंच सगळं वेगळं करून पाठवलं होतं.

मग मी त्या सहा करवती भट्टीत ठेवल्या, दोन दिवस, पट्ट्या तडकेपर्यंत. सातवी साधी तेवढी बाहेर ठेवली, दाखवायला. आणि तुला वाळवून पाठवलं नाहीस म्हणून झापणारं पत्र लिहिलं.

त्यांतली सर्वात मोठी करवती एकोणचाळीस वर्षांची होती. वाढीच्या रेषा मोजल्या मी. ती नामशेष झाली असं मी लिहिलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तुझ्यापासून पन्नास पावलांवर बसली होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर खवखवलंही नाही गं, नऊ महिने. जेवले, झोपले, रजेचा अर्ज टाकला. तुझी माफी आली नसती तर असंच चाललं असतं. माफी कसली मागतेस? मला तुझी माफी सहन होत नाही. ओरडली असतीस तर मी उलटं ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं.

मागच्या आठवड्यात तिथे जाऊन आले. तुला कळवलं नाही. यंत्र काम संपवून गेलंय. नदीचा तळ फरशीसारखा सपाट आहे. यंत्रासाठी वर अडवलेलं पाणी अजून सोडलेलं नाही, मांडीएवढंच होतं, म्हणून या वेळी मी मधे गेले. तीन दिवस. पायानं चाचपलं, हातानं चाचपलं, चाळण मारली. काही नाही. साधीसुद्धा नाही. काठावर बसून पाय पुसताना वाटलं, चपला धरायला कुणीतरी हवं होतं.

एक राहिलं. कल्ल्यांत मिठासारखं भरलेलं होतं ते गाळ नव्हतं. मादी आपली पिल्लं कल्ल्यांत वाढवते. लाखभर असतात. मासा जवळ आला की त्याच्यावर सोडते, ती माशाच्या कल्ल्याला चिकटून दोन-तीन आठवडे काढतात आणि मग तळाशी पडून स्वतःचं बघतात. त्या उन्हाळ्यात ती सोडणारच होती. तू पातेलं गॅसवर ठेवलंस तेव्हा ती भरलेली होती. तू विचारलंस आणि मी गाळ म्हणाले.

हे पत्र हवं त्याला दाखव. तुझ्या साहेबांना, माझ्या संचालकांना. माझी नोकरी जाईल, तुला नमुन्यांचं काम परत मिळेल. नदीचं काही होणार नाही. आईला दाखवू नकोस, ती तुझीच चूक काढील.

आणि बारके, तू धांदरट नाहीस. कधीच नव्हतीस. दूध मी सांडायचे.

काल कपाट उघडलं. माझं जुनं लेबल काढून फाडलं. त्या सहा करवती मधोमध मांडल्या आणि नवं लेबल माझ्या हातानं, शाईनं लिहिलं. नामशेष हा शब्द आता पहिल्यांदाच खरा झालाय, त्यामुळे तो ठेवला. खोटं काही लिहिलेलं नाही. मुलांना मोठ्यानं वाचता येईल असं सुवाच्य आहे. तुझं पूर्ण नाव आहे, माहेरच्या आडनावासकट, तुला हवं होतं तसं. नक्कल खाली देते.

करवती. सहा नग. या नदीतून नामशेष; या शेवटच्या.
अवस्था: जिवंत पकडलेल्या, उकळून साफ केलेल्या.
गोळा करणारी: तू.
ओळखणारी:
ताई