गोलकीपरची खोली

कोल्टर, सास्काचेवान
ऑगस्टअखेर

प्रिय ओलेनाताई,

धाकट्या भावाचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तुझा राग, तिन्हींची तब्येत कशी आहे? पहिल्या दोघांसाठी मी रविवारी चर्चमध्ये प्रार्थना केली, तिसऱ्यासाठी हिंमत झाली नाही. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहितोय म्हणून बायको हसतेय. पण करू काय? माझा आवाज ऐकला की तू फोन आपटतेस, आणि परवा तर मला बघून भर दुकानात बटाटे टाकून निघून गेलीस. (बटाटे मी घरी आणले. चांगले निघाले.)

गावात माझ्या नावाने जे चाललंय ते तिखटमीठ लावून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून आलेलं बरं. संघासाठी पोरं निवडायचं काम माझं, आणि आमच्या आइस हॉकी लीगमधली ही निवड, हा ड्राफ्ट म्हणजे पंधरा वर्षांचं पोरगं बघायचं आणि ते अठराव्या वर्षी कसं खेळेल हे छातीठोकपणे सांगायचं. माझं तत्त्व पक्कं होतं: उंच, दणकट बचावपटू घ्या, उंची काही धुतल्यावर आटत नाही. तीन वर्षं मी ताडमाड पोरं गोळा केली. झालं काय, तर आपल्याच गोलसमोर अशी भिंत उभी राहिली की आपल्याच गोलकीपरला पकची ती काळी चकती दिसेना. बिचारा कर्बी वाकून त्यांच्या गुडघ्यांमधून बघत खेळायचा. आणि जानेवारीत मी त्या कर्बीलाच उत्तरेतल्या दुसऱ्या संघाला देऊन आणखी एक उंच बचावपटू घेतला.

हो, कर्बीचं नाव काढलं मी. फाडू नकोस, पुढे वाच. बाहेरगावची पोरं गावात घरोघरी राहतात, तसा दीड वर्ष तो तुझ्या मागच्या खोलीत राहिला, आणि त्याच्या वाढदिवसाचा केक ओव्हनमध्ये असताना मी दारात येऊन त्याला बॅगा भरायला सांगितलं. पण ताई, संघ डोक्याने बांधायचा असतो, केकने नाही. (हे वाक्य मी तेव्हाही म्हणालो होतो. तू लाटणं उचललं होतंस.)

तरी एक सांगतो. रिंकवर बर्फ नसला की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. आम्ही पोरांची उंची मोजतो, वजन करतो, घड्याळ लावून पळवतो. पण घरापासून इतक्या लांब आलेलं पोर पहिला सामना हरल्यावर कुणाच्या टेबलाशी जेवायला बसतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही. आजवर आपल्याकडे जी पोरं टिकली, ती आठवून बघ. तुझ्याकडे जेवलेला एकही पळून गेला नाही. फ्रीसेनबाईंकडून दोघे गेले, एक तर मोजे वाळत टाकून.

त्याच लॉर्ना फ्रीसेनबाई, आमच्या संघाच्या अध्यक्ष, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ओरेस्ट, या खेपेला गोलकीपर आणला नाहीस ना, तर गोलमध्ये तुलाच उभा करीन!" म्हणून मी पहिल्याच फेरीत ला रोंजचा डॅरियन मॅकॅलम घेतला. काडीसारखा आहे. सभागृहात लोक हसले. पण सामना हरल्यावर बाकीचे निघून गेले आणि हा एकटा बर्फावर पक गोळा करत बसला होता, तेव्हाच मी ताडलं. शेवटी नजर असावी लागते, ताई.

बाकी सर्व ठीक. मांजराला गोंजार.

तुझा (तू मानलंस तर) भाऊ,
ओरेस्ट

ता. क. डॅरियनला राहायला घर हवंय. गावातली सगळी घरं भरलीत, तुझी मागची खोली तेवढी रिकामी आहे. सोमवारपर्यंत सोय झाली नाही तर तो घरी परत जाईल आणि मला गोलमध्ये उभं राहावं लागेल. माझं पोट तुला माहीत आहे.

ता. क. २. खोटं कशाला बोलू? घरं भरलेली नाहीत. फ्रीसेनबाईंची वरची खोली रिकामीच आहे, पोरगं तिथे जायला तयार नाही. आणि नजर वगैरेही काही नाही. कर्बीने फोन केला होता. तिकडे उत्तरेत तो सुट्टीच्या दिवशी लहान गोलकीपरांना शिकवायचा. मला म्हणाला, "ओरेस्टकाका, याला सोडू नका, माझ्यापेक्षा भारी आहे." आणि त्या पोराला म्हणाला, "ओलेनामावशीकडे ठेवणार असतील तरच जा." ज्याला मी असा घालवला त्यानेच फोन केला, ताई.

ता. क. ३. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्याने तुझ्या हातात दिलं तोच डॅरियन. पत्रात बटाट्यांबद्दल आभार मानलेत, एवढंच मी त्याला सांगितलंय. तो अजून पायरीवर उभाच असेल. बस म्हटल्याशिवाय बसत नाही. याला मी कुणालाही देणार नाही, लिहून देतो. वाढदिवस नोव्हेंबरात आहे. केक कापून होईपर्यंत मी तुझ्या गल्लीत फिरकणारसुद्धा नाही.