मंगळवारचा धूर

सुपे, १६ जानेवारी १९६२, मंगळवार
आज माझी लेक केशर खोकली नाही. सकाळपासून अंगणात खेळते आहे. मंगळवारी तिला नेहमीच बरं असतं — इतके दिवस मी देवीची कृपा म्हणत होते!
नंदिगड्ड्याची यमुना दही घेऊन आली, सहज म्हणाली, "मंगळवारी रानाला कुऱ्हाड लावत न्हाई आम्ही. मग तुमच्या पावरहाऊसला ओली लाकडं कुठली यायची?"
एरवी बॉयलरमध्ये ताजी तोड जाते, स्वस्त म्हणून. मंगळवारी तेवढी शेडमधली वाळकी, म्हणून धूर कमी.

१८ जानेवारी, गुरुवार
नणंद गिरजाक्का खानापुराहून आली. पोरीच्या छातीला कान लावून म्हणाली, "शिवरात्र झाली की नेते हिला. ह्या धुरात जगायची न्हाई."
मी भाजी चिरत राहिले. केशर अजून माझा पदर धरून झोपते.

२० जानेवारी, शनिवार
धुराला मर्यादा घालणारा सरकारी हुकूम आला. हे पॉवरहाऊसचे फोरमन, त्यामुळे घरात तोच विषय. चिमणी उंच करायची तर खर्च, लाकूड वाळवत ठेवायचं तरी खर्च. पॉवरहाऊसच्या मालकांनी तिसरंच काढलं — तपासणीला कारवारच्या साहेबांना मंगळवारी बोलवायचं! जेवण आमच्याकडे.


२३ जानेवारी, मंगळवार
साहेब आले. विरळ, पांढुरका धूर पाहून खूश. दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. पानात वरण बघून हसले, "कारवारच्या माणसाला डाळ?"
माझ्या तोंडून गेलं, "आज आमच्यात मासळी चालत न्हाई साहेब. उद्या ऱ्हावा की. काळी नदीतले मासे खाऊनच जावा."
राहिले!
मी ताक वाढलं. ह्यांनी मान वर केली नाही.

२४ जानेवारी, बुधवार
नदीवरच्या नागू कोळ्यानं मासे दिले. जेवणाआधी साहेब हात धुवायला अंगणात गेले आणि चिमणीतून काळा लोट निघाला. तांब्या हातात धरून ते बघतच राहिले. आत केशर खोकत होती, तेही त्यांनी ऐकलं.
जेवले पोटभर. दुपारच्या गाडीनं गेले.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
पुरती वाळलेली लाकडं मिळेपर्यंत बॉयलर बंद, असा हुकूम. गावात पुन्हा कंदील. बाजारात बायका मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "फोरमनबाईच्या माशांनी दिवे खाल्ले."
ह्यांना कामावरून काढलं. माझ्यामुळे. ओसरीवर बसून असतात. केशर त्यांच्या मांडीवर, श्वास अगदी शांत. तिला आता पाठवायचं नाही, असं गिरजाक्काला कळवलं.
ह्यांना सांगायला हवं, की साहेबांना मी मुद्दाम ठेवून घेतलं. धीर होत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार
सांगितलं.
हे म्हणाले, "साहेब ऱ्हायले म्हटल्यावर मालकांनी सांगून धाडलं होतं — बुधवारीबी वाळकीच जाळा म्हणून. मीच शेड उघडली न्हाई."