खांद्यावरची चार बोटं

५ जाने., सोम.
दुकानात सकाळपासून फ्लेक्सच्या चार ऑर्डरी: तीन वाढदिवस, एक श्रद्धांजली. श्रद्धांजलीवाली रेखा, माहेर राजगुरुनगरकडचं, राहते इथंच काळेवाडीत. नवरा दत्ता चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायची प्रेस चालवायचा. मागच्या आठवड्यात त्याच प्रेसखाली सापडला. तेहतीस वर्षांचा.
फोटो दसऱ्याचा. एरवी कंपनीत आत मोबाइल नेता येत नाही, दसऱ्याला मशीनची पूजा असते तेवढी सूट. प्रेसला झेंडूचा हार, नारळ, दत्ता हसतोय. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा कोण, तर आमचा सचिन. माझा धाकटा भाऊ! तिथंच कामाला आहे. चार दिवस फोन उचलत नाहीये, ते का आता कळलं.
जिभेवर आलं होतं, बाई, हा माझा भाऊ. का कुणास ठाऊक, गिळलं.
"कोट घालायचा का?" सवयीने विचारलं. आमच्याकडे सगळे मेल्यावर कोट घालतात.
"नको ताई. त्यांनी कधी घातला न्हाई. हाय तोच शर्ट ऱ्हाऊ द्या."
केबल लावून दत्ताच्या मोबाइलमधून फोटो उतरवून घेतला.

६ जाने.
मास्क लावून दत्ताला एकटा काढला. रफिकभाई (मालक) नेहमी ओरडतात, सुनीता, सरळ खोडरबर फिरव, वेळ वाचतो. नाही फिरवत मी. मास्कवर काळं लावलं की तेवढा भाग झाकतो, पांढरं लावलं की परत उघडतो. खालचा फोटो जागच्या जागी. गिऱ्हाइकं छपाईच्या तोंडावर झाकलेला काका परत मागतात, तेव्हा माझंच बरोबर ठरतं.
सचिन झाकला. प्रेस झाकली. मागे ढग टाकले. केस झकास जमले.
दुपारी रेखाचा फोन. कंपनीचा माणूस दत्ताचा मोबाइल मागतोय, चौकशीला. देऊ का? दसऱ्याचा फोटो त्यातच हाय.
"तो माझ्याकडे आहे की. द्या खुशाल," म्हणाले.

९ जाने., शुक्र.
काल दहावा झाला. रेखा परत आली, फ्लेक्सचा फोटो घेऊन.
"ताई, ह्यो हात कुणाचा?"
बघते तर खरंच. निळ्या शर्टाच्या कडेला चार बोटं राहिलीत, एकात तांब्याची अंगठी. अकरा वर्षं हे काम करतेय! लक्ष कुठं होतं मेलं माझं? चौकात सगळ्यांनी बघितलं असणार.
"मित्र असेल कुणी," म्हणाले.
अंगठी आईने दिलेली. लातूरहून निघताना.

१३ जाने., मंगळ.
मोबाइल परत आला. आतून पार कोरा. एक फोटो नाही.
कंपनीचा कागद घेऊन रेखा वकिलाकडे गेली होती. तिथून सरळ दुकानात. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाहीत. एक बटण चिकटपट्टी मारून कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा, माल जास्त निघतो. कंपनीचं म्हणणं, त्या दिवशी पट्टी दत्तानेच मारली, स्वतःच्या चुकीने गेला.
"त्यांनी न्हाई मारली ताई. पट्टी लई दिसापासून व्हती, मला सांगायचे. वकील म्हणतो, दाखवा. तुमच्याकडल्या फोटूत दिसती का बघा."
ती गेल्यावर फाइल उघडली. मास्क बंद केला, फोटो मोठा केला.
पट्टी आहे. पिवळी. तिच्यावर हळदकुंकू वाहिलंय. बटणाची पूजा करताना पट्टीचीपण केली, एकाच्याही मनात आलं नाही की हे काय.
आणि सचिनच्या मनगटात तिचंच रीळ, कड्यासारखं अडकवलेलं.
केबलने घेतलेली मूळ फाइल शोधली. रफिकभाई दर रविवारी कॉम्प्युटर साफ करतात. गेली. आता जे आहे ते माझ्या एका मास्कखाली.

१६ जाने., शुक्र.
सचिन आला. बोलावून घेतला. फोटो दाखवला तर खालीच बसला.
"आक्का, सायबानं सांगितलं म्हणून मारली. समद्या प्रेसला मारली. नाही म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी गेटच्या भाईर."
"मग हेच सांग की."
"कुणाला? साहेब म्हणणार, मी कवा सांगितलो? रीळ माझ्या हातात हाय, त्याच्या न्हाई. मला लई भ्या वाटायलंय, आक्का."
शिल्पाला, त्याच्या बायकोला, सातवा महिना. रविवारी डोहाळजेवण. त्याचा बॅनर मीच केलाय, मोर आणि पाळणा.
एक मुस्काटात ठेवून द्यावी वाटली. जेवायला वाढलं.

१९ जाने., सोम.
डोहाळजेवण झालं. हसले, ओटी भरली, आले.
आज एक कॉपी केली. दत्ता उघडा, प्रेस उघडी, पट्टी उघडी. सचिन काळा. त्याच्या जागी भिंत भरली. या वेळी बोटंपण काढली. इतकं साफ की मलाच सापडेना. काम झकास.
मग वकिलाला फोन केला, आडून आडून विचारलं. "मॅडम, काढला तसाच द्या. एक माणूस झाकलाय असं निघालं तर पट्टीपण तुम्हीच चिकटवली म्हणतील. मग रेखाताईंचं सगळंच संपलं."
कॉपी उडवली.
फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर, म्हणून रफिकभाईंना सांगावं लागलं. त्यांनी पान गालात सरकवलं. "देख सुनीता, भाऊ तुझा आहे, मी काय बोलू? पण त्या बाईला मोबाइल दे कोणी सांगितलं?"
मी. मीच सांगितलं.

२१ जाने., बुध.
दुपारी रेखा आली, पेनड्राइव्ह घेऊन. म्हणाली, आधी मला दाखवा.
शेजारी स्टुलावर बसवली. मास्क बंद केला.
आधी बराच वेळ नुसती दत्ताकडे बघत होती. मग पट्टीवर बोट ठेवलं. मग खांद्यावरच्या हातावर. तिथून मनगट, कोपर, चेहरा.
"ह्योच का तो हात?"
"हो."
"वळखता तुमी?"
"माझा भाऊ आहे. सचिन."
मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"सच्या म्हंजी ह्यो व्हय," म्हणाली. "दसऱ्याच्या दिशी डब्यात चार पोळ्या जास्तीच्या घेतल्या व्हत्या त्यांनी. म्हणले, सच्याला तुझी पुरणपोळी आवडती."
पदर सावरून उठली. पेनड्राइव्ह कीबोर्डवर ठेवला.
"आख्खा द्या ताई. न्हाईतर काईच देऊ नका. उद्या सकाळी येते."

आता साडेसहा. रफिकभाई नमाजला गेलेत, दुकानात मी एकटी. पेनड्राइव्ह लावलाय. सचिनचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय. पडद्यावर आख्खा फोटो आहे, त्यात दोघं हसतायत.